उघडी मूठ कितीची?

एप्रिल २०२२ मध्ये चंदीगडातल्या एका गृहस्थांनी लिलावात १५ लाख ४४ हजार रुपये मोजून एक वाहनक्रमांक घेतला : सीएच ०१ सीजे ०००१. तो लावायचा होता ७१ हजारांच्या स्कूटरला. देशभर लोक पोट धरून हसले. आम्हाला मात्र त्यांचा हिशेब पटला. त्या शहरात सामान्य माणसाला पहिल्या नंबरावर पोचायचा हाच एक सरळ मार्ग आहे. पैसे भरा, पावती घ्या, नंबर तुमचा. मत देऊन इतकी पक्की वस्तू तिथे कुणाच्या हाती लागल्याचे ऐकिवात नाही.

त्याच एप्रिलमध्ये हे शहर कुणाचे, यावर आठवडाभरात तीन सभागृहांनी तीन ठराव केले. गृहमंत्री अमित शहा यांनी चंदीगड प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे सेवानियम लागू केल्याचे निमित्त झाले. १ एप्रिलला पंजाब विधानसभेने ठराव केला की चंदीगड आमचे. तारीख त्यांनी जाणूनबुजून निवडली नसावी. ५ एप्रिलला हरयाणा विधानसभेने ठराव केला की चंदीगडावर आमचाही हक्क आहे. दोन्ही ठराव चंदीगडातच, एकाच इमारतीत झाले, कारण दोन्ही विधानसभा ल कॉर्बुझिए यांनी बांधलेल्या त्या एकाच भव्य वास्तूत नांदतात. उरता उरले चंदीगडकर. त्यांना विधानसभाच नाही, म्हणून त्यांच्या वतीने ७ एप्रिलला महापालिकेने ठराव केला : आम्ही कुणाचेच नाही, केंद्रशासितच राहणार, आणि आम्हाला आमची स्वतःची विधानसभा द्या. आप आणि काँग्रेसचे नगरसेवक सभात्याग करून गेले. ठराव मंजूर झाला.

पुढे काय झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. महापालिकेने राज्याच्या नकाशाविषयी ठराव करावा आणि वरच्यांनी तो मनावर घ्यावा, अशी आपल्याकडे रीत नाही. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने ठराव बाजूला ठेवून महापालिकाच बरखास्त केली. त्या मानाने चंदीगडचे नशीब थोर. त्यांचा ठराव बरखास्त करण्याइतकाही महत्त्वाचा कुणाला वाटला नाही.

चंदीगडची गोष्ट एकाच मंगल कार्यालयात दोन लग्ने लागावीत तशी आहे. दोन्हीकडचे वऱ्हाड रुबाबात, दोन्हीकडचे बँडवाले जोरात, आणि कार्यालयाच्या मालकाला मात्र पंगतीत पान नाही. दोन मुख्यमंत्री इथे राहतात. दोन राज्यपालांची निवासस्थाने आहेत, तीही एकाच सेक्टर ६ मध्ये. दोन विधानसभा, दोन सचिवालये, एक सामाईक उच्च न्यायालय. भारतात आमदारांची एवढी दाटी आणखी कुठल्या ११४ चौरस किलोमीटरमध्ये असेल असे वाटत नाही. पण त्यांतला एकही आमदार चंदीगडकराचा नाही. रस्ता ओलांडून मोहालीत घर घेतले, की पंजाबचा आमदार मिळतो. दुसऱ्या अंगाला पंचकुल्यात गेले, की हरयाणाचा मिळतो. मधल्या सेक्टरांत राहणाऱ्याला मिळतो तो कारंजी आणि झाडीचा देखणा चौक, आणि त्या चौकातून भोंगे वाजवीत जाणारे दुसऱ्यांचे आमदार.

हे असे का झाले, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, नाही तर आम्ही हे सगळे रचले असे कुणाला वाटायचे. फाळणीत लाहोर गेले, म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. ती बांधून पुरी होते न होते तोच १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबचेच दोन तुकडे झाले आणि राजधानी एकच उरली. ती तात्पुरती केंद्राकडे ठेवली. सरकारी तात्पुरते म्हणजे किती, हे ज्याने कधी सरकारी नोकरी केली आहे त्याला ठाऊक असते. शहराच्या प्रशासनातल्या जागा पंजाब आणि हरयाणाच्या अधिकाऱ्यांना ६०:४० या प्रमाणात द्यायच्या ठरल्या. शंभर टक्के तिथेच संपले. रहिवाशांसाठी टक्का शिल्लक राहिला नाही.

मग २४ जुलै १९८५ ला राजीव गांधी आणि हरचंदसिंग लोंगोवाल यांचा करार झाला. २६ जानेवारी १९८६ ला चंदीगड पंजाबला द्यायचे ठरले. प्रजासत्ताक दिन उजाडला, संचलन झाले, झेंडा फडकला, चंदीगड जागेवरच. बदल्यात हरयाणाला द्यायची अबोहर-फाजिल्काची गावे आणि हरयाणा यांच्यामध्ये कंदूखेडा नावाचे एक पंजाबीभाषक गाव आडवे आले होते. भूप्रदेश सलग नाही, सबब व्यवहार स्थगित. आयोगांवर आयोग बसले आणि उठले. चंदीगडचा कारभार १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल प्रशासक म्हणून पाहतात, ते आजही पाहतात. म्हणजे चंदीगड पंजाबचे नाही, पण पंजाबचे राज्यपाल चंदीगडचे आहेत. हे ज्याला एका दमात समजावून सांगता येईल, त्याला लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा माफ करावी.

मुंबईकरांनी हे वाचून गालात हसू नये. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली होती. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, १०६ हुतात्मे झाले, तेव्हा कुठे दादर-गिरगावचा चंदीगड होता होता राहिला. आणि अगदी अलीकडचे सांगायचे, तर मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. त्या पावणेचार वर्षांत चंदीगडने तीनदा महापौर निवडला, त्यांतली एक निवड न्यायालयाने रद्द केली. आपण एकही निवडला नाही. रद्द करायला तरी निवडणूक लागते!

तर आता त्या महापौरपदाकडे वळू. या पदाची जाहिरात द्यायची झाली, तर ती साधारण अशी होईल :

‘पाहिजेत : महापौर. मुदत एक वर्ष, फक्त एकच. पहिले आणि चौथे वर्ष महिलांसाठी, तिसरे वर्ष अनुसूचित जातींसाठी राखीव. कामकाज : सभागृहात अध्यक्षस्थानी बसणे, फिती कापणे, पाहुण्यांचे स्वागत. तिजोरी आणि अधिकारी आयुक्तांकडे, आयुक्त प्रशासकांकडे, प्रशासक राष्ट्रपतींकडे. पदाची ओळख होते न होते तोच पद सोडण्याची तयारी असावी. ‘माजी महापौर’ ही पदवी आजन्म वापरता येईल.’

१९९६ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. तेव्हापासून दर वर्षी महापौरनिवड होते. एवढ्या वर्षांत माजी महापौरांची एक छोटी फलटण तयार झाली आहे. गटारापासून पार्किंगपर्यंत कुठलाही प्रश्न निघाला, की पूर्वी हा प्रश्न सोडवू न शकलेले कुणी ना कुणी मार्गदर्शनाला हजर असते. चंदीगडच्या नागरी जीवनातला हा सर्वांत विश्वासार्ह पुरवठा म्हणायला हरकत नाही.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की एवढ्या पोकळ पदासाठी कोण भांडणार? इथेच आपला लोकशाहीचा अभ्यास कच्चा पडतो. पद जितके रिकामे, तितकी त्यासाठीची झटापट निर्भेळ. भरल्या ताटासाठी माणूस पोटामुळे भांडतो. रिकाम्या ताटासाठी भांडतो तो केवळ तत्त्वासाठी.

डिसेंबर २०२१ मध्ये चंदीगडच्या मतदारांनी ३५ नगरसेवक निवडले : आपचे १४, भाजपचे १२, काँग्रेसचे ८ आणि अकाली दलाचा १. शिवाय शहराच्या एकुलत्या एका खासदारालाही महापौरनिवडीत मत असते, म्हणून मते ३६. सर्वांत मोठा पक्ष आप. तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये महापौर झाला भाजपचा. त्याचे असे झाले. निकाल लागल्यावर काँग्रेसच्या एक नगरसेविका भाजपत गेल्या, तेव्हाच्या खासदार किरण खेर भाजपच्याच, म्हणून दोन्ही बाजूंना १४-१४. मग आपचे एक मत बाद ठरले. १४ विरुद्ध १३. काँग्रेसचे नगरसेवक मतदानाला फिरकलेच नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, १५ विरुद्ध १४, काँग्रेस पुन्हा बाहेर. मतदाराने कौल द्यावा आणि सभागृहाने त्याचे उत्तर लिहावे, अशी ही पद्धत. दोघांच्या अक्षरात फरक असणारच.

२०२४ मध्ये आप आणि काँग्रेस यांनी हातमिळवणी केली. २० विरुद्ध १६. हे गणित इतके सोपे होते, की ते चुकवायला प्रतिभा लागणार होती. १८ जानेवारीला निवडणूक ठरली. त्या दिवशी निवडणूक अधिकारी आजारी पडले. आजार कुणाला सांगून येत नाही. त्यांच्या प्रकृतीची काळजी घेत प्रशासनाने नवी तारीख दिली ६ फेब्रुवारी. उच्च न्यायालयाला एवढी काळजी अनाठायी वाटली आणि त्याने ३० जानेवारी ठरवून दिली. हुतात्मा दिन. देश गांधीजींसाठी दोन मिनिटे स्तब्ध राहतो तो दिवस.

निवडणूक अधिकारी अनिल मसीह हे स्वतः नामनियुक्त नगरसेवक. नामनियुक्तांना मताचा अधिकार नाही. ज्याला मत नाही त्याच्या हाती सगळ्यांची मते, यात नि:पक्षपातीपणाची हमी आहे असे कुणी समजले असेल, तर ते चुकले असे म्हणवत नाही. मतपत्रिका मोजता मोजता मसीह यांनी पेन काढले आणि आठ मतपत्रिकांवर खुणा केल्या. आठही मते आपच्या कुलदीप कुमार यांची. मग खुणा आहेत म्हणून ती आठही बाद. भाजपचे मनोज सोनकर १६ विरुद्ध १२ असे विजयी. वीसचे बारा करायला दुसऱ्या एखाद्या शहरात हॉटेल, विमान, डोंगर, झाडी असा केवढा खटाटोप करावा लागला असता! सुरत-गुवाहाटीचा खर्च आठवा. इथे एका पेनात भागले.

फक्त छताला कॅमेरा होता, आणि मसीह मधूनमधून त्याच्याकडे बघत होते. ती चित्रफीत सर्वोच्च न्यायालयात लावली गेली, तेव्हा हा माणूस कॅमेऱ्याकडे का बघतो आहे, असा प्रश्न सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना पडला. प्रश्न साधाच. पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरच्या वाड्याचा वारसा सांगणाऱ्या घरात असे साधे प्रश्न विचारायची सवय असावी. न्यायालयाने या प्रकाराला लोकशाहीची हत्या म्हटले. मसीह यांनी खुलासा केला, की आधीच खराब झालेल्या मतपत्रिका वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून आपण त्यांवर खुणा केल्या. मग मतपत्रिकाच दिल्लीला मागवल्या गेल्या. त्या खराब नव्हत्या. २० फेब्रुवारीला न्यायालयाने आठही मते वैध धरली, बारात आठ मिळवून वीस केले आणि कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले. सोनकर दोन दिवस आधीच राजीनामा देऊन मोकळे झाले होते. त्याच सुमारास आपचे तीन नगरसेवक भाजपत दाखल झाले, म्हणजे फेरनिवडणूक झालीच असती तर ती नीट नियमानुसार हरता आली असती. ते समाधान न्यायालयाने हिरावून घेतले.

एक बेरीज करायला देशाचे सर्वोच्च न्यायालय बसले, राज्यघटनेचे १४२ वे कलम वापरले गेले, पण बेरीज बरोबर आली. या सभागृहातल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या वाट्याला महापौरपद आले ते याच मार्गाने.

मार्चमध्ये उपमहापौरांच्या निवडणुका झाल्या आणि भाजपने त्या रीतसर जिंकल्या. ३० जानेवारी २०२५ ला, पुन्हा हुतात्मा दिनीच, पुढची महापौरनिवड आली. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर यांना निरीक्षक नेमले. मनपाच्या निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयाचा निरीक्षक! अमेरिकेच्या अध्यक्षालाही इतका मान मिळत नाही. युतीकडे तोवर पुन्हा २० मते होती, भाजपकडे १६. निकाल लागला भाजप १९, युती १७. कुठेही खाडाखोड नाही, बाद मत नाही, कॅमेऱ्याकडे बघणे नाही. तीन जणांनी शांतपणे, गुप्तपणे, स्वच्छ अक्षरात पलीकडे मत टाकले. महापौर झाल्या हरप्रीत कौर बबला. २०२२ च्या त्या पहिल्या लढतीआधी काँग्रेसमधून भाजपत गेलेल्या नगरसेविका त्या ह्याच. चंदीगडात एकनिष्ठेला फळ येते, फक्त ती कुणाशी असावी हे आधी पक्के करावे लागते.

मग २०२५ मध्ये नियमच बदलला. आता महापौराची निवड गुप्त मतदानाने होणार नाही, हात वर करून होणार. आम्हाला हे फार समर्पक वाटले. चंदीगडच्या बाबतीत केंद्राने, पंजाबने आणि हरयाणाने साठ वर्षे हात वरच केले होते. नगरसेवकच तेवढे मागे राहिले होते.

शिवाय हात हेच तर त्या शहराचे चिन्ह. कॉर्बुझिए यांच्या कल्पनेतला ‘उघडा हात’ १९८५ मध्ये कॅपिटॉल संकुलात उभा राहिला. २६ मीटर उंच, धातूचा, देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा. याच वर्षी लोंगोवाल करार झाला, म्हणजे देण्याघेण्याची दोन स्मारके एकाच वर्षातली. हा हात वाऱ्याबरोबर फिरतो. वारा जिकडचा, हात तिकडे. पक्षांतरबंदी कायदाही १९८५ चाच, हा निव्वळ योगायोग. हाताच्या पायथ्याशी एक खोलगट चौक आहे. नागरिकांनी तिथे जमून सार्वजनिक प्रश्नांचा खल करावा, अशी कॉर्बुझिए यांची योजना. आज चंदीगडकराला प्रश्नाचा खल करायचा झाला, तर प्रशासनाने त्यासाठी सेक्टर २५ चे मैदान नेमून दिले आहे. सेक्टर २५ मध्येच शहराची स्मशानभूमी आहे. नगररचनेत सोयी जवळजवळ ठेवाव्यात, हे तत्त्व पुढच्या पिढीनेही सोडलेले नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ उघडून दाखवायचा नियम झाला, तेव्हा तिच्यात काय आहे ते सगळ्यांनाच दिसणार.

राजधानीत राहणाऱ्यानेच बिनआमदाराचे राहावे, ही आपली एकट्याची हुशारी नव्हे. वॉशिंग्टनचे लोक अध्यक्ष निवडतात, पण अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्यांचा एकही सदस्य नाही आणि प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या प्रतिनिधीला सभागृहात कायद्यावर मत देता येत नाही. म्हणून १९९० पासून तिथले मतदार दोन ‘सावली सिनेटर’ निवडतात. रीतसर प्रचार, रीतसर मतदान, रीतसर विजय, आणि निवडून आल्यावर सिनेटमध्ये बसायला खुर्ची नाही. पहिल्याच निवडणुकीत जेसी जॅक्सन यांच्यासारखा मोठा नेता सावली म्हणून निवडून आला. ‘प्रतिनिधित्वाविना करवसुली’ ही आपली तक्रार त्या लोकांनी २००० पासून गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापून घेतली आहे. क्लिंटन यांनी ती पाटी अध्यक्षांच्या गाडीला लावली, बुश यांनी काढली, ओबामा यांनी पुन्हा लावली. तक्रार तेवढी जागेवर आहे.

पण निदान त्यांनी तक्रार तरी नंबरप्लेटवर लिहिली. आमच्या चंदीगडकरांनी नंबरावरच समाधान मानले. आणि वॉशिंग्टनचा महापौर चार वर्षे टिकतो, हेही ध्यानात घ्यावे. आमच्याकडे सावली वेगळी निवडावी लागत नाही. महापौर वर्षभर उन्हात उभा राहतो आणि खाली जी पडते तीच.

अधूनमधून दिल्लीला या शहराची आठवण येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये चंदीगड घटनेच्या २४० व्या कलमाखाली आणण्याचे, म्हणजे राष्ट्रपतींना तिथल्यासाठी थेट नियम करता यावेत असे करण्याचे विधेयक संसदेच्या कामाच्या यादीत दिसले. पंजाबात एकच गदारोळ उठला. लगेच गृहमंत्रालयाने सांगितले, की हिवाळी अधिवेशनात असे काही आणण्याचा विचार नाही. सर्व पंजाबी पक्ष चंदीगडसाठी बोलले, दिल्ली चंदीगडविषयी बोलली. ज्या साडेसहा लाखांहून अधिक मतदारांचा हा प्रश्न, त्यांना विचारायचे कुणाच्या यादीत नव्हते. त्यांनी २०२४ मध्ये मनीष तिवारी यांना अवघ्या २,५०४ मतांनी निवडून दिले, तोच काय तो त्यांचा लोकसभेतला आवाज. राज्यसभेत तोही नाही. महापौराला पाच वर्षांची मुदत द्यावी, अशी मागणी तिवारी करत आले आहेत. ती मान्य झाली तर माजी महापौरांचे उत्पादन पाचपटीने घटेल, आणि एवढी औद्योगिक मंदी शहराला परवडेल का, याचा विचार व्हायला हवा.

सध्याच्या नगरसेवकांची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. तेव्हा चंदीगडात कुणी भाचा, पुतणी, जावई नोकरीला असेल, तर त्यांना मतदान चुकवू नका म्हणून सांगा. महापौर कुणाचा होईल ते त्यांच्या हाती नाही, पण पस्तीसांपैकी एक हात कुणाचा असावा, एवढे मात्र आहे.